पानगेबहाद्दर

आमच्या गोंदियाकडच्या पुरुषाइतका पट्टीचा भाजणारा शोधून सापडायचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच : जाळ घरापासून निदान पाच मैल दूर हवा.

धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की पानग्यांचे बेत सुरू होतात. (वऱ्हाडात रोडगे म्हणतात, पलीकडे बालाघाट-सिवनीकडे गाकर. भांडायची सवड असेल त्यांनी नावावरून भांडावं.) मग एरवी पाण्याचा पेलाही जागेवर मागवणारे गृहस्थ सकाळपासून गोवऱ्या रचतात. कणीक तिंबतात. निखारा किती पडू द्यायचा आणि गोळा केव्हा उलटायचा, यावर हायकोर्टात शोभेल असा युक्तिवाद करतात. फडक्यात घालून राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भरताची चव घेत एकमेकांची पाठ थोपटतात. सोमवारी हेच गृहस्थ, बायको तापाने निजली असली तर, "आपल्याले नाही जमत जी ते सैपाकाचं," म्हणून हॉटेलातून समोसे आणतात.

एकाच माणसाच्या दोन सह्या जुळल्या नाहीत तर कुठलीही बँक चेक परत करते. घरोघरी मात्र हा चेक पिढ्यान्‌पिढ्या वटतो आहे!

कुणाला छेडलंच तर उत्तर तयार असतं : "शेतात निखारा असतो. घरी ओव्हन आहे कुठं?" ही पळवाट बुजवायला मी स्कोन नावाचा साहेबी पदार्थ साक्षीला काढतो. नावाला बिचकू नका. स्कॉटलंडातले गरीब लोक ओट नाहीतर बार्लीच्या पिठाची जाड भाकर विस्तवावरच्या लोखंडी तव्यावर भाजत, तिचे चार तुकडे करत. तोच हा स्कोन. ओव्हन आणि चांदीचे चमचे त्याला मागाहून चिकटले. आता इंग्लंडात डेव्हनची माणसं त्यावर आधी साय लावतात, कॉर्नवॉलची आधी जाम, आणि यावरून वैर धरतात. म्हणजे पानग्यांच्या पंगतीत ती सहज खपतील.

स्कोन फुलतो बेकिंग पावडरने. ती 1843 साली काढली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने. कशासाठी? बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. तिला अंडंही चालत नव्हतं, तर या पठ्ठ्याने त्याआधीच बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली होती. "आपल्याले नाही जमत जी" म्हणून तो समोसे आणायला गेला नाही.

आता कृती. दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ, दोन चमचे साखर. यात दोन-अडीच मोठे चमचे गार लोणी बोटांनी चुरायचं, रव्यासारखं होईपर्यंत. (मे महिन्यात आमच्याकडे लोणी डब्यातून ताटात येईस्तोवर त्याचं पाणी होतं; हे काम पहाटे करावं.) मग पाऊण वाटीपर्यंत दूध, बेताबेताने. ताक घेतलं तर पावडरीऐवजी अर्धा चमचा खायचा सोडा चालतो. सोड्याला आंबट लागतं, दुधाशी त्याचं पटत नाही. आणि मळायचं नाही! मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. नुसतं गोळा करून अर्धा इंच जाड थापायचं, वाटीच्या काठाने चकत्या पाडायच्या, जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटं. लाटणं नाही, अंडं नाही, ओव्हन नाही. सारा कारभार अर्ध्या तासात आटोपतो. निखारा पडायची वाट बघण्यातच तुमचा याहून जास्त वेळ जातो.

मी रविवारी हे करतो. वासाने शेजारचे गृहस्थ डोकावले. दोन गरम चकत्या साय लावून खाल्ल्या, तिसरी उचलली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वहिनी माहेरी गेल्या काय जी?"

वहिनी पुढच्या खोलीत पेपर वाचत होत्या.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. शेतात राख तिथंच टाकून येता, ते घरी चालायचं नाही. तवाही घासायचा, आणि ओट्यावर सांडलेला मैदासुद्धा पुसायचा. ओल्या फडक्याने एकदम पुसू नका, चिकट बसतो. आधी कोरडा झाडून घ्या.