तूट कोणाच्या खात्यावर?

"उद्या कापायचीच आहे, मग एवढं जपायचं कशाला?" ब्रॉयलरच्या शेडवर रात्री गाडी लागली की हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. नगर-नाशिकच्या पट्ट्यात मी तो इतक्यांदा ऐकला आहे की विचारणारा माणूस बदलतो, सूर मात्र बदलत नाही. दिवे मालवलेले, तुसावर बसलेले दोन-सव्वादोन किलोचे पक्षी, आणि वाकून एका हातात चार, दुसऱ्यात चार असे पाय धरून उचलणारी पोरं. दारात क्रेट, पुढे काटा, काट्यापलीकडे गाडी.

धर्म-अधर्म राहू द्या, धंद्याच्याच भाषेत उत्तर देतो. आपल्याकडे ब्रॉयलर बहुतेक जिवंतच दुकानात जातो. गिऱ्हाईक पिंजऱ्यासमोर उभं राहून "ती द्या" म्हणून बोट दाखवतं, आणि ते बोट पंख टाकून बसलेल्या पक्ष्याकडे कधी जात नाही. गेलंच तर सोलल्यावर सांध्यापाशी लाल-जांभळा डाग निघतो आणि दुकानदाराला दोन शब्द ऐकावे लागतात. तो डाग शेडच्या दारातच पडलेला असतो. पाच-सहा आठवड्यांचा हा पक्षी वजनाने मोठा असला तरी हाडांनी पोरच. एका पायावर लोंबकळताना फडफडला की खुब्याचा सांधा निखळतो. शिवाय पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा नसतो. उलटा धरला की पोटातला सगळा भार हवेच्या पिशव्यांवर येतो आणि त्याचा जीव घुसमटतो. पोरं त्या फडफडीला 'मस्ती' म्हणतात.

दुसरा युक्तिवाद परंपरेचा: आपल्याकडे पूर्वीपासून असंच धरतात. अर्धं खरं आहे. आठवडी बाजारात सुतळीने पाय बांधलेल्या, सायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण घरातली रीत आठवा. पाहुणा येणार असला तरी आजी भर दुपारी कोंबडीमागे धावत नसे. दिवेलागणीला कोंबड्या बसल्या की खुराड्यात हात घालायची, छातीखाली तळवा, पंख काखेशी दाबलेले, आणि कोंबडी ओरडायच्या आत डालग्याखाली. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती शांत राहते. मंद निळ्या दिव्यात पकडा असं आज पोल्ट्रीचे जाणकार सांगतात, त्यात आजीला नवीन काय वाटलं असतं? परंपरेचाच दाखला द्यायचा तर हा घ्यावा.

खरा मुद्दा तिसरा, आणि तोच सगळ्यांत जोरात मांडला जातो: हळू धरलं तर गाडी भरणार कधी? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. ही पोरं एका रात्रीत दोन-तीन शेड करतात, अमोनियाने त्यांचे डोळे चुरचुरतात, हात नखांनी ओरबाडलेले असतात. त्यांना मजुरी मिळते ती गाडीवर नाहीतर नगावर. जितकं भराभर, तितकं पुढच्या शेडवर लवकर. मग ती हळू का धरतील? शेतकऱ्याचं वजन दारातल्या काट्यावर झालं की पुढचा पक्षी त्याचा राहत नाही. ड्रायव्हरला खेपेचे पैसे. मेलेला पक्षी व्यापाऱ्याच्या तुटीत, आणि व्यापारी ती तूट भावातच धरून बसलेला. म्हणजे प्रत्येक जण नुकसान पुढच्याच्या हातात देऊन मोकळा. ज्याच्या हातून मोडतोड होते, त्याच्या खिशाला तिची झळच लागत नाही. दोष हिशेबाच्या या रीतीत आहे, आणि आपण शिव्या घालतो पोरांना.

हिशेबच करू. समजा 2,000 पक्ष्यांच्या गाडीत 20 मेले. दोन किलोने 40 किलो, भाव 100 रुपये धरला तर 4,000 रुपये गेले. तीच गाडी भरायला सहा पोरांना एक तास जास्त दिला आणि तासाला 100 रुपये मोजले, तर खर्च 600. लंगड्या पक्ष्यांचं आणि उतरलेल्या वजनाचं नुकसान यात धरलेलंच नाही.

आता प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते मान्य करतो. क्रेट फार मोकळा ठेवला तर वळणावर पक्षी एकमेकांवर आपटतात, हे बरोबर. पण म्हणून दहाच्या जागी चौदा कोंबायचे हे कुठून आलं? सगळ्यांना एका वेळी बसता येईल आणि एकावर एक चढावं लागणार नाही, इतकं साधं माप आहे. उन्हाळ्यात पाणी मारण्याचंही तसंच. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगात मुळातच 41 अंशांच्या आसपास ऊब असते आणि धापा टाकून ती ऊब ती बाहेर काढते. धावत्या गाडीत वाऱ्यासोबत पाण्याचा उपयोग होतो. ताडपत्री ओढून ढाब्यावर उभ्या केलेल्या गाडीवर पाणी मारलं की आत दमट वाफ कोंडते, आणि मधल्या थरातल्या क्रेटमधले पक्षी सगळ्यांत आधी मरतात. चहा प्यायला ड्रायव्हर उतरला म्हणून कुणी रागवू नये, पण क्रेटच्या रांगांत फटी ठेवून गाडी सावलीत वाऱ्याच्या तोंडाशी लावायला काय जातं?

"कायदा आहे की, तो बघून घेईल," असंही म्हणतात. आहे ना. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम 1978 चे, त्यात 2001 साली कोंबड्यांचं प्रकरण घातलं गेलं. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्या असं त्यात लिहिलं आहे. मात्र प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या मूळ कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. तेवढ्यात अर्धी कोंबडीही येत नाही. आणि हँडलला टांगलेल्या कोंबडीचा फोटो काढून हळहळणाऱ्या शहरी मित्रांना एकच विचारतो: पावकिलोला पाच रुपये जास्त द्याल का?

करायचं काय, ते फारसं अवघड नाही. गाडीची वेळ पक्की झाल्यावरच खाद्य काढायचं, पाणी मात्र पकडेपर्यंत ठेवायचं. रात्री नऊची गाडी सकाळी नऊला आली तर उपाशी पक्षी उन्हात जातो, आणि हे मी एका व्यापाऱ्याच्या बाबतीत लागोपाठ दोन लॉटना पाहिलं आहे. शेडमध्ये जाळी लावून थोडे थोडे पक्षी वेगळे काढायचे, म्हणजे कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरत नाहीत. शक्यतो दोन्ही हातांनी, पंख दाबून धरायचं. पायच धरायचे तर दोन्ही पाय, आणि एका हातात दोन-तीनच. क्रेट धुतलेला हवा. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा अख्ख्या तालुक्याच्या शेड रिकाम्या होताना आपण पाहिल्या. विष्ठेने माखलेला क्रेट एका शेडवरून दुसऱ्या शेडवर अशीच साथ पोचवू शकतो.

आणि हे सगळं टिकायचं असेल तर मजुरीची रीत बदला. डिलिव्हरी चलनावर 'भरलेले नग' हा रकाना असतो. त्याच्याशेजारी 'उतरताना जिवंत' हा एक रकाना छापून घ्या, आणि पकडणाऱ्यांचे आणि ड्रायव्हरचे पैसे त्या दुसऱ्या आकड्यावर द्या, पहिल्यापेक्षा थोड्या चढ्या दराने.