आधी सासर पाहा!

आमच्या भाच्याने अमेरिकेत घर घेतलं, गाडी घेतली आणि या दोन्हींच्या हप्त्यांनी भागेना म्हणून की काय, न्यूयॉर्क जेट्स नावाचा एक फुटबॉल संघही गळ्यात बांधून घेतला. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू नारळाच्या आकाराचा, आणि पायापेक्षा हातानेच जास्त हाताळायचा. तरी नाव फुटबॉल!

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी त्याच्या न्यू जर्सीच्या घरी होतो. त्या गुरुवारी संध्याकाळी घरात लग्न असल्यासारखी धांदल. म्हटलं, काय आहे? तर म्हणे ‘ड्राफ्ट’. कॉलेजातून निघालेली पोरं व्यावसायिक संघांनी एकेक करून निवडायची. यात मानाचं पान क्वार्टरबॅकचं. समोरून चार-पाच हत्ती अंगावर येत असताना, दोन-तीन सेकंदांत कोणाकडे चेंडू फेकायचा हे ठरवणारा तो गडी.

सातव्या नंबरावर बफेलोने वायोमिंगच्या जॉश ॲलनला उचललं आणि भाचा सोफ्यावरून उडालाच.

“छप्पन टक्के! मामा, कॉलेजात याचे शंभरातले छप्पन चेंडू मुक्कामी पोचायचे. आणि हा सातवा?”

मी म्हटलं, “अरे, तुला बारावीला किती होते?”

त्यानंतर जेवण होईपर्यंत घरात शांतता होती.

पण गंमत सोडा. ‘हा पोरगा वरच्या नंबराच्या लायकीचा आहे का?’ हा प्रश्न अमेरिकेत दरवर्षी चार महिने चघळतात. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकलेला आहे.

आधी ती परीक्षा पाहा. इंडियानापोलिसला दरवर्षी पाहण्याचा कार्यक्रम भरतो. पोरांना पळायला लावतात, उड्या मारायला लावतात, वजन करतात. एवढंच नव्हे, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हाताची वीत मोजतात! ‘जरा चालून दाखव, बाळ’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आत्याबाईंनाही हे सुचलं नव्हतं. जो बरो नावाच्या पोराची वीत नऊ इंच भरली, तर केवढी हळहळ! तरी सिनसिनाटीने २०२० साली त्याला पहिल्या नंबरावर घेतलं आणि दुसऱ्याच मोसमात तो संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. उलट २००० साली टॉम ब्रेडीला १९९ व्या नंबरावर घेतलं. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढे त्याने सात वेळा सुपर बोल जिंकला. त्या सहा जणांची नावं आज कोडं सोडवणाऱ्यांनाच पाठ असतील.

“मामा, अशी उदाहरणं निवडून सांगता येतात,” भाचा म्हणेल. “दणकट हाताचा जमार्कस रसेल २००७ साली पहिला आला होता. तीन मोसमांत आटोपला.” कबूल! पोरगंही आळशी असू शकतं, नाही कोण म्हणतो? पण मग त्याच २०१८ सालचे पाच पोरगे घ्या. पाचही पहिल्या फेरीतले.

दहाव्या नंबरावर जॉश रोझेन ॲरिझोनाला गेला. फेकणं सुबक, नाव ठेवायला जागा नाही. पुढच्याच वर्षी ॲरिझोनाने दुसरा क्वार्टरबॅक आणला आणि याची मायामीला पाठवणी केली. नव्या सुनेची पहिली पोळी करपली म्हणून दुसरी सून आणण्यातला प्रकार! भाच्याच्या जेट्सनी तिसऱ्या नंबरावर सॅम डार्नोल्ड घेतला आणि तीन मोसमांनंतर घालवून दिला. दारोदार फिरून २०२४ साली तो मिनेसोटाला पोचला आणि त्या मोसमात संघाने १७ पैकी १४ सामने जिंकले. लमार जॅक्सनला तर ‘तू फेकू नकोस, झेल’ असा सल्ला देणारे निघाले. बॉल्टिमोरने त्याला ३२ व्या नंबरावर घेतलं आणि त्याला साजेसा खेळ बसवला. दोनदा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि आमचा छप्पन टक्केवाला? पहिल्या मोसमात त्रेपन्नावर घसरला. बफेलोने त्याला घालवला नाही. शिकवलं, २०२० साली चांगला झेलणारा गडी आणून दिला, आणि त्या वर्षी टक्के झाले एकोणसत्तर! २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू तोच.

हात तेच, वीतही तीच. फरक पडला तो सासरचा.

आणि सासर निवडायची मुभा पोराला आहे का? मुळीच नाही. जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा पहिला मान! क्लीव्हलँड २०१७ साली १६ पैकी १६ सामने हरलं, आणि बक्षीस म्हणून २०१८ चा पहिला नंबर मिळाला. म्हणजे जितकं पोरगं हुशार तितकं घर मोडकं. पुन्हा वर्षभरात छप्पर शाकारलं नाही तर दोष पोराचा!

म्हणून म्हणतो, वीत मोजायचीच तर मालकाच्या काळजाची मोजा. प्रशिक्षकाला बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवायला द्या. गेल्या दहा वर्षांत किती पोरं वाया घालवलीत, याचे टक्के जाहीर करा. छप्पनपेक्षा जास्त भरतील अशी मला धास्ती आहे.

२०२५ साली भाच्याचा फोन आला. शेड्युअर सँडर्सवर महिनोन् महिने वाद झडला होता. पहिल्या फेरीचा मानलेला पोरगा पाचव्या फेरीत १४४ वा गेला, क्लीव्हलँडलाच. तिथे तिसऱ्या फेरीत आधीच एक क्वार्टरबॅक घेऊन ठेवलेला.

“मामा, पोरगा लायक होता का हो?”

मी म्हटलं, “एका घरात एकाच मोसमात दोन सुना आणणाऱ्यांना आधी विचार, स्वयंपाकघर केवढं आहे!”

भाचा हसला. मग हळूच म्हणाला, “आमच्या जेट्सबद्दल काही बोलू नका.”

नाही बोललो. शेवटी तेही एक सासरच, आणि भाचा तिथे स्वखुशीने नांदतो आहे.