आधी मागे फिरायला शिकवा

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून मुलं गिट शिकून बाहेर पडतात, म्हणजे पुढे जायला शिकून बाहेर पडतात. मागे कसं यायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पुण्यातल्या एका कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्यांची पहिले काही आठवडे तयारी करून घेणं हे माझं काम आहे. दर बॅचला मी एकच प्रश्न विचारते : मर्ज अर्ध्यावर फसला तर काय करशील? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘मॅडम, फोल्डर डिलीट करायचं आणि परत क्लोन करायचं.’

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गिट हे प्रोग्रॅममधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. एकाच प्रोग्रॅमवर दोघं आपापल्या फांदीवर, म्हणजे ब्रँचवर, काम करतात. नंतर दोन्ही कामं एकत्र करायची, हा मर्ज. दोघांनी त्याच ओळी वेगवेगळ्या बदलल्या असतील तर गिट स्वतः निवड करत नाही. फाइलमध्ये खुणा घालून दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवतं आणि थांबतं. हा कॉन्फ्लिक्ट. नवखा मुलगा इथे घाबरतो. कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज सुरूही होत नाही आणि स्क्रीनवर तीनचार फाइलींची नावं लाल अक्षरांत दिसत असतात.

फोल्डर उडवून क्लोन केलं, म्हणजे सर्व्हरवरून नवी प्रत उतरवली, की तिथलं काम परत मिळतं, हे खरं. पण कमिट न केलेले, म्हणजे गिटच्या इतिहासात न नोंदवलेले, बदल जातात, पुश न केलेल्या, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेल्या, ब्रँच जातात, स्टॅशमध्ये बाजूला ठेवलेलं जातं, आपल्या मशीनपुरती बनवलेली सेटिंगची फाइल जाते. आणि रिफ्लॉगही जातो. तुमची ब्रँच कधी कुठल्या कमिटवर होती याची ती नोंद. एरवी ती नव्वद दिवस राहते. कुठल्याच ब्रँचमधून पोहोचता येत नाही अशा कमिटसाठी तीस दिवस. चुकून हरवलेलं शोधायचं ते हिच्यावरून, आणि घाबरलेला माणूस नेमकी हीच पुसतो.

याहून वाईट उपाय म्हणजे संपूर्ण फाइलच ‘माझी ठेव’ म्हणून मोकळं होणं. सहकाऱ्याचं काम गुपचूप गळतं, आणि इतिहासात मात्र मर्ज झाल्याची नोंद राहते. पुढच्या मर्जला गिट ते काम पुन्हा आणून देत नाही, कारण त्याच्या लेखी ते आलेलंच असतं.

खरा उपाय एका ओळीचा आहे : ‘गिट मर्ज --अबॉर्ट’. लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं 2005 साली. हा पर्याय आला 2011 मध्ये. त्याआधीही रिसेट करून परत येता येत होतं, पण माघारीला सरळ नाव मिळायला इतकी वर्षं लागली! अट एकच : मर्जला हात घालण्याआधी ‘गिट स्टेटस’ पाहून हातातलं काम कमिट किंवा स्टॅश करायचं. अर्धवट बदल तसेच ठेवून मर्ज केला, तर पूर्वस्थिती जशीच्या तशी मिळेल याची हमी गिट देत नाही.

‘रिसेट --हार्ड’ मुलांना माहीत असतं, पण त्याची धार माहीत नसते. ते कमिट न केलेले बदल कचरापेटीत टाकत नाही, थेट पुसतं. गिटच्या नोंदीत नसलेल्या नव्या फाइली मात्र तशाच राहतात. त्या काढायला ‘गिट क्लीन’ आहे. आधी ‘-एन’ लावून काय काय जाणार ते बघावं, मगच ‘-एफ’. मर्ज पूर्ण होऊन पुशही झाला असेल तर रिसेटचा विचार सोडून रिव्हर्ट करावं, म्हणजे तो बदल उलटवणारा नवा कमिट करावा. त्यातही मेख आहे : त्याच ब्रँचचं काम पुढे पुन्हा हवं असेल, तर आधी केलेलं रिव्हर्टच रिव्हर्ट करावं लागतं. गिटच्या दस्तऐवजात या एका विषयावर स्वतंत्र टिपण आहे.

काही जुने सहकारी म्हणतात, कॉन्फ्लिक्ट सोडवायचा असतो, पळायचं नसतं. सोडवायचाच असतो, पण संध्याकाळी सात वाजता, मॅनेजर ‘अजून मर्ज झालं नाही?’ म्हणून मागे उभा असताना, दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींचा अंदाज बांधून नव्हे. अबॉर्ट करा, समोरच्याला फोन लावा, त्याने त्या ओळी का बदलल्या ते विचारा, मग पुन्हा मर्ज करा. माझ्या हाताखालच्या मुलांना अबॉर्टसाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि कारणही द्यावं लागत नाही.

कॉलेजातल्या प्रॅक्टिकलला फक्त शेवटचं आउटपुट तपासतात. पोरं आउटपुट आणण्यापुरतंच शिकतात, त्यात त्यांची काय चूक? प्राध्यापकांना माझी विनंती आहे. प्रत्येक जोडीला एकाच फाइलची एकच ओळ वेगवेगळी बदलायला सांगा, मर्ज फसू द्या, आणि तो सोडवण्याचे नव्हे, तर ‘वर्किंग ट्री क्लीन’ असा संदेश परत आणण्याचे गुण द्या. एका तासाचं काम आहे. येत्या सत्रापासून जर्नलमध्ये घाला.