विज्ञान आणि व्यवहार : विमानाच्या मोऱ्या

न्हाणीघराची मोरी तुंबली म्हणजे घरांतील लहानथोर सर्वांस ती तत्काळ कळते. पाणीच उंबऱ्याबाहेर येऊन वर्दी देतें. विमानालाहि मोऱ्या असतात, हें मात्र आमच्या पुष्कळशा वाचकांस ठाऊक नसेल. त्या तुंबल्या तर वर्दी देणारें कोणी नसतें, हाच त्यांतील मुख्य धोका होय.

दोन-चार माणसांच्या लहान विमानाचे पंख, शेपटी व पोट हे भाग आंतून पोकळ असतात. पावसाचें पाणी सांध्यांतून आंत शिरतें. आणि पाऊस नसला तरीहि रात्रीच्या गारव्यानें आंतल्या हवेंतील बाष्प थंड पत्र्यावर दंव होऊन बसतें. पाणी मुळींच आंत येऊं नये अशी रचना करणें जवळजवळ अशक्य आहे. म्हणून आलेलें पाणी आपल्या वाटेनें निघून जावें यासाठीं प्रत्येक पोकळीच्या सर्वांत खालच्या ठिकाणीं बारीक भोकें ठेविलेलीं असतात. १९३१ सालीं प्रथम उडालेल्या 'टायगर मॉथ'चे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत. अशा कापडी पंखांना तीं मागच्या कडेलगत, खालच्या बाजूस असतात. पुढें १९५५ सालीं उडालेल्या 'सेस्ना १७२' सारखीं ॲल्युमिनियमचीं विमानें आलीं, तरी भोकांची गरज सरली नाहीं.

हीं भोकें बुजतात तीं अगदीं साध्या कारणांनीं. धांवपट्टीवरील चिखल, गवताच्या काड्या, नव्या रंगाचा थर, हीं नेहमींचीं कारणें. शिवाय आपल्या देवघराच्या चौकटीवर मातीचें घर बांधणाऱ्या कुंभारणीसारख्या गांधीलमाशांना असें तयार बीळ फार आवडतें.

पाणी आंत राहिलें म्हणजे लाकूड कुजतें आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरून पत्रा खंगतो. याहून वाईट प्रकार हलत्या फळ्यांचा. विमान वळविणाऱ्या व वर-खालीं नेणाऱ्या या फळ्या बिजागरीवर तोललेल्या असतात. बिजागरीच्या मागें थोडें पाणी सांचलें कीं तोल बिघडतो, आणि भर वेगांत त्या फडफडूं लागतात. ही फडफड कांहीं क्षणांतच फळी मोडूं शकते. उंचावर तें पाणी गोठलें तर फळीच जखडण्याचें भय असतें.

वेग मोजणाऱ्या नळीलाहि असेंच एक भोक असतें. नळीचें तोंड आणि हें भोक दोन्हीं बुजलीं म्हणजे आंतील हवा कोंडते, आणि विमान वर चढूं लागतांच वेग वाढल्याचा खोटाच आंकडा दिसतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजीं डॉमिनिकन प्रजासत्ताकांतील प्वेर्तो प्लाता येथून निघालेलें बोइंग ७५७ जातीचें मोठें विमान वेगाच्या अशाच चुकीच्या आंकड्यामुळें समुद्रांत पडलें व त्यांतील सर्व १८९ माणसें गेलीं. बरेच दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाच्या नळींत किड्यांनीं घर केलें असावें, असा चौकशीचा तर्क होता.

उपाय कांहीं अवघड नाहीं. उड्डाणापूर्वीं चालकानें विमानाभोंवतीं फिरून प्रत्येक भोक पाहावें. त्यांच्या जागा विमानासोबतच्या पुस्तकांत दिलेल्या असतात. घाण मऊ काडीनें बाहेर ओढावी, आंत ढकलूं नये. वेगाच्या नळींत मात्र काडी घालूं नये किंवा फुंकर मारूं नये. नाजूक यंत्र बिघडतें, तें काम कारागिराचें. विमान उभें असतांना तिच्यावर टोपी घालावी आणि निघतांना ती आठवणीनें काढावी. धुतल्यावर व रंगविल्यावर सगळीं भोकें मोजून पाहावीं. भोक मोकळें करतांच पाण्याची धार लागली, तर तेवढ्यावर समाधान न मानतां आंतील भाग उघडून तपासून घ्यावा.

ज्या भोकांतून कधींच पाणी पडतांना दिसत नाहीं, तें कोरडें आहे कीं बुजलेलें, हें हात लावून पाहिल्यावांचून कळत नाहीं.