'तुंबाड'चा दुसरा भाग : आनंद आणि धास्ती

'तुंबाड' ह्या चित्रपटाचा दुसरा भाग निघणार अशी घोषणा सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यांत झाली. तेव्हांपासून मधल्या सुटींत ही चर्चा आमच्या कानीं वारंवार येऊं लागली. "सर, तुम्हांला काय वाटतें?" असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, त्या वेळीं आम्ही नुसते हसलों, कारण आपणांस आनंद होत आहे कीं धास्ती वाटत आहे, हें आमचें आम्हांसच ठरवितां येईना. वार्षिकासाठीं लेखाची मागणी झाली, तेव्हां तें राहिलेलें उत्तर येथें द्यावें असें मनांत आलें.

पालकांच्या समाधानासाठीं एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. हा चित्रपट प्रौढांसाठींच आहे असें त्याच्या प्रमाणपत्रावर स्पष्ट आहे. तेव्हां शाळकरी मुलांनीं तो पाहावा असें आम्ही म्हणत नाहीं. थोरल्या भावाच्या मोबाईलवर तो कोणीं पाहिला, ह्याचीही चौकशी आम्ही करीत नाहीं. आम्हांस जें सांगावयाचें आहे त्यास कथा ठाऊक असली म्हणजे पुरे.

ती कथा थोडक्यांत अशी. समृद्धीच्या देवीचा थोरला पुत्र हस्तर हा लोभी होता. त्यानें आईचें सर्व सोनें घेतलें. पण धान्याकडे हात घातला तेव्हां इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईनें त्यास वांचविलें, परंतु त्याची पूजा कधीं होऊं नये, त्याचें नांवही लोकांनीं विसरावें, ह्या अटीवर. तुंबाडच्या एका घराण्यानें मात्र सोन्यासाठीं त्याचें देऊळ बांधलें. त्या घराण्यांतला विनायक सन १९१८ मध्यें लहान असतांना आईबरोबर गांव सोडून पुण्यास येतो, परत न जाण्याची शपथ घेतो, आणि पंधरा वर्षांनीं ती मोडतो. कणकेची बाहुली घेऊन तो विहिरींत उतरतो. उपाशी हस्तर बाहुली खाण्यांत गुंतला कीं त्याच्या लंगोटींतून मोहरा पाडतो. सन १९४७ मध्यें त्याचा मुलगा पांडुरंग ह्यास एक युक्ति सुचते : एकच बाहुली कां, पुष्कळ नेऊं आणि लंगोटीच पळवूं! बाहुल्या जितक्या, तितके हस्तर प्रगट होतात. बाप मुलाला वांचवितो, पण स्वतः राक्षस होऊन वर येतो व लंगोटी मुलापुढें धरितो. मुलगा ती घेत नाहीं. येथें कथा संपते.

आतां आनंद कां, तें सांगतों. राही अनिल बर्वे ह्यांनीं दिग्दर्शित केलेला व सोहम शाह ह्यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट हिंदी खरा, पण त्याचा पिंड मराठी मातीचा आहे. ज्यांच्या कथांवरून त्यास प्रेरणा मिळाली, ते नारायण धारप (१९२५–२००८) हे आमचे पुण्याचेच लेखक. नांव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या 'तुंबाडचे खोत' ह्या कादंबरीची आठवण देतें. जुना वाडा, अखंड कोसळणारा पाऊस, शेवाळलेल्या भिंती, हें सर्व ताम्हिणीच्या पायथ्याशीं वाढलेल्या मुलास परकें वाटणार नाहीं. सन २०१२ मध्यें चित्रीकरणास आरंभ झाला आणि सन २०१८ मध्यें चित्रपट पडद्यावर आला. मध्यंतरीं पुष्कळ भाग पुन्हां चित्रित केला गेला. इतक्या चिकाटीनें काम करणारीं माणसें तीच कथा पुढें नेऊं म्हणतात, तेव्हां कान टवकारले जाणें स्वाभाविकच आहे.

मग धास्ती कशाची? पहिलें कारण असें कीं, ह्या कथेचा सारा अर्थ तिच्या शेवटांत आहे. त्या मुलाच्या एका नकारासाठीं अवघा चित्रपट रचलेला आहे. दुसऱ्या भागांत कोणी तरी पुन्हां विहिरींत उतरलें, म्हणजे त्या नकाराचें मोल उणें होणार नाहीं काय?

दुसरें कारण थोडें बोचणारें आहे. सन २०२४ मध्यें चित्रपट पुन्हां प्रदर्शित झाला, तेव्हां पहिल्या वेळेपेक्षां अधिक पैसा त्यानें मिळविला. आणि त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. मूळ दिग्दर्शक बर्वे ह्यांनीं आपण त्या कामांत नसल्याचें जाहीर करून इतरांस शुभेच्छा दिल्या. आम्ही कोणाच्या हेतूवर शंका घेत नाहीं. ज्यांनीं वर्षेंच्या वर्षें त्या कामीं वेंचलीं, त्यांस फळ मिळावें हें न्याय्यच आहे. तथापि "पुरे" म्हणावयास शिकविणाऱ्या कथेनें स्वतः "आणखी" म्हणावें, ह्यांत कांहीं विसंगति आहे खरी. एक बाहुली फळली म्हणून पुष्कळ बाहुल्या नेण्याची युक्ति कोणाची होती, हें वाचकांच्या ध्यानांत असेलच.

परंतु येथेंच थांबणें अन्यायाचें होईल. मालिका म्हटली कीं ती निकस, असा नियम नाहीं. धारपांचा 'समर्थ' अनेक कथांत वाचकांस भेटला. आणि आपल्या वेताळपंचविशीचें काय? वेताळ राजाच्या खांद्यावर पंचवीस वेळां बसतो, तरी कोणी कंटाळत नाहीं. कारण प्रत्येक वेळीं तो नवा प्रश्न विचारतो. राजास उत्तर सुचेनासें झालें, कीं मालिका संपते. आम्हांस वाटतें कीं हीच कसोटी खरी. दुसऱ्या भागांत सोनें किती व राक्षस किती हें विचारूं नये. नवा प्रश्न कोणता, एवढेंच विचारावें.

तो प्रश्न आम्हां मुळशीकरांस शोधावा लागत नाहीं. येथील शेतकऱ्यांनीं धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं सन १९२१ मध्यें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला. धरण तरीही झालें. पुढें शहर जवळ आलें, आणि ज्या खाचरांत आंबेमोहोर दरवळत होता तेथें बंगले उठले. ज्या २०१८ सालीं 'तुंबाड' आला, त्याच सालीं प्रवीण तरडे ह्यांचा 'मुळशी पॅटर्न'ही आला, आणि जमीन विकून हातीं आलेला पैसा घरांतल्या मुलांस कोठें नेतो, हें त्यानें दाखविलें. हस्तरास सोनें मिळालें, धान्य मिळालें नाहीं. ह्या एका वाक्यांत आमच्या तालुक्यांतील किती घरांची कथा सांठली आहे! विकणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. मुलीचें लग्न, दवाखान्याचा खर्च, अंगावरचें कर्ज, हीं कारणें लोभाचीं नव्हेत. पण पैसा सरला आणि जमीनही नाहीं, अशा घरांतलीं मुलें आमच्यासमोर बांकावर बसतात, आणि उद्यां काय करावें हें त्यांस कोणी सांगत नाहीं.

म्हणून आमच्या मतें नवा प्रश्न हा : लंगोटी नाकारणारा तो मुलगा दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करतो? वाडा गेला, बाप गेला, सोन्याची वाट त्यानें आपल्या हातांनीं बंद केली. आतां पोट कशावर भरावयाचें? नकार एका क्षणांत देतां येतो. तो निभावण्यास मात्र आयुष्य लागतें. मोह टाळल्याच्या कथा मुलांस पुष्कळ ऐकविल्या जातात. टाळल्यानंतरच्या लांबलचक, साध्या दिवसांची कथा फारशी कोणी सांगत नाहीं. दुसरा भाग ती सांगेल, तर आमची सारी धास्ती आम्ही आनंदानें परत घेऊं.

आणि तसें न घडलें तर? तर प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें आहे : बाळ, दुसरा भाग तूं वयांत आल्यावर अवश्य पाहा, पण कथेचा पुढील भाग लिहिण्याचा हक्क केवळ चित्रपटवाल्यांचाच आहे असें समजूं नकोस. तुझ्या घरीं एखादें खाचर अजून शिल्लक असेल, तर येत्या आषाढांत वडिलांबरोबर लावणीस जा. नसेल, तर हातास एखादी विद्या लागेल अशा बेतानें अभ्यासास बस. पांडुरंगाची सकाळ तेथूनच सुरू होते.