हा कालवा खणला कुणी?



कारकुनाच्या नोकरीत दुसरे काही मिळो न मिळो, चार वर्षांतून एकदा कुटुंबासह दूरच्या प्रवासाची सवलत मिळते. आमच्या घरी तिचा उपयोग ठरलेला असतो. बोधगया झाली, सारनाथ झाले, सांची झाली. यावेळी मात्र दहावीतल्या कन्येने हट्ट धरला की केरळातले कालव्यांचे गाव पाहायचे. सौ.ने तिची बाजू घेतली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती म्हणाली, "पानी बगायला एवढ्या लांब कशाला जायाचं? पावसाळ्यात चाळीत काय कमी पानी व्हतं?" पण गाडीत पहिल्यांदा बसली तीच!

गावाचे नाव आलप्पुळा. इंग्रजांच्या काळापासून लोक त्याला अलेप्पी म्हणत. आपल्याकडून कोकण रेल्वेच्या मार्गाने जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस त्याच गावावरून पुढे तिरुअनंतपुरमला जाते. दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो.

स्टेशनातून बाहेर पडताच हाउसबोटवाल्यांच्या दलालाने आम्हाला गाठले. एका रात्रीचे जे भाडे त्याने सांगितले ते माझ्या पगाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. मी बी.कॉम. झालेला माणूस, जमाखर्च डोक्यात पक्का. त्याला नमस्कार करून आम्ही साध्या लॉजमध्ये उतरलो आणि पायीच गाव पाहायला निघालो. तेच बरे झाले.

हे गाव समजून घ्यायचे तर आधी त्याची जागा ध्यानात घ्यावी लागते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला वेंबनाडचे अफाट सरोवर आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. डोंगरातली मिरी, वेलदोडा, सुंठ आणि खालच्या भागातले खोबरे होड्यांतून सरोवरापर्यंत येई. पण जहाजे उभी समुद्रात! मधली पट्टी ओलांडायची कशी? म्हणून अठराव्या शतकात त्रावणकोर राज्याचे दिवाण राजा केशवदास यांच्या आखणीप्रमाणे दोन समांतर कालवे काढले गेले. उत्तरेचा वाडै कालवा आणि दक्षिणेचा कमर्शियल कालवा. दोन्हींच्या काठांवर वखारी उभ्या राहिल्या. कच्छ, गुजरात आणि मुंबईकडचे व्यापारी इथे येऊन वसले. होडी थेट वखारीच्या दारात लागे, म्हणजे बैलगाडीचा खर्च वाचला.

जहाजांनी हेच ठिकाण का पसंत केले याचेही कारण आहे. इथल्या किनाऱ्याजवळ समुद्रात मऊ चिखलाचे पट्टे तयार होतात. त्यांच्यामुळे लाटा मरतात आणि भर पावसाळ्यातही पाणी शांत राहते. इतर ठिकाणी बंदरे बंद असताना इथे मालाची चढउतार चालू राहू शकत असे. निसर्गाने दिलेले बंदर आणि माणसाने दिलेले कालवे, अशा दोघांच्या जोरावर हे गाव मोठे झाले.

आम्ही कालव्याच्या काठी चहा पीत उभे होतो. आईने इकडून तिकडे नजर टाकली आणि विचारले, "ह्यो कालवा खणला कुनी?"

चहावाल्याला मोडके हिंदी येत होते. तो अभिमानाने म्हणाला, "राजा केशवदास."

आई म्हणाली, "म्हंजी दिवानजींनी सोता फावडं घेतलं व्हतं व्हय?"

आम्ही सगळे हसलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे तीन दिवस आम्ही जे जे पाहिले ते त्या प्रश्नाच्या मागे मागेच पाहिले.

कालवे काढले गेले त्या काळात त्रावणकोरात पुलया, परया या अस्पृश्य जातींची माणसे गुलाम होती. त्यांची खरेदी-विक्री होई. ही गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८५५ साली. शिवाय 'ऊळियम' नावाची वेठ होती. राज्याची कामे खालच्या जातींकडून बिनपैशाने करून घेण्याची ती रीत. आपल्या आजा-पणजांनी येसकरी आणि वेठ भोगली, त्यामुळे हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. दिवाणाचे नाव राहिले. फावडेवाल्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

आणि नुसती वेठ नव्हे. ज्या मुलखात सावकाराचा माल पाण्यावरून सुखाने जाई, तिथे अस्पृश्य माणसाला साध्या रस्त्यावरून चालायची चोरी होती. वेंबनाडच्या पूर्व काठावर वैकम आहे. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी तिथे १९२४ साली सत्याग्रह सुरू झाला आणि दीड वर्षाहून अधिक काळ चालला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२७ साली, आपल्या महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम झाला. तिथे रस्ता, इथे पाणी. कन्येला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे दोन्ही धडे एकाच पानावर यायला हवेत." मला ते पटले.

दुसऱ्या दिवशी समुद्रकिनारी गेलो. १८६२ साली सुरू झालेले दीपगृह तिथे उभे आहे. सुरुवातीला त्यात खोबरेल तेलाचा दिवा जळत असे. जिन्याने वर जाऊन पाहिले तर एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळीचे रान. खाली समुद्रात जुन्या धक्क्याचे लोखंडी खांब गंजून उभे आहेत. याच धक्क्यावरून माल जहाजांकडे जात असे. पुढे १९२० पासून रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनियराने कोचीचे मोठे बंदर उभारायला घेतले. जहाजे हळूहळू तिकडे वळली आणि अलेप्पीचे बंदर ओस पडले. ते खांब पाहताना मला आमच्या परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी आठवली. आमचे वडील गिरणीत होते, म्हणून आठवण आली इतकेच. ब्रिस्टो हे नाव मात्र लक्षात ठेवा. ते पुन्हा यायचे आहे.

बंदर मागे पडले तरी गावाला काथ्याने जगवले. १८५९ साली जेम्स डॅरा या मूळच्या आयरिश अमेरिकनाने इथे डॅरा-स्मेल कंपनी काढली. भारतातला काथ्याचा पहिला कारखाना तो हाच. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालायची, मग बाहेर काढून लाकडी मोगरीने बडवायची, धागा मोकळा करायचा आणि रहाटावर सुंभ वळायचा. कुजवणे-बडवणे-वळणे यात मुख्यतः बायांचे हात. पुढे कारखान्यात मागावर त्याच्या चटया आणि पायपुसणी विणली जात आणि विलायतेला जात. साहेबाच्या दारात पाय पुसायला जे लागे ते अलेप्पीच्या बाईच्या हातून गेलेले असे.

गावाबाहेर कलवूर येथे काथ्या मंडळाचे संग्रहालय आहे. आम्ही आत फिरत होतो. एका ठिकाणी मोकळ्या काथ्याचा ढीग ठेवला होता. आई तिथे थबकली. तिने तिथल्या बाईंना खुणेने विचारले. त्यांनी मान हलवताच आईने मूठभर काथ्या उचलला, खाली बसली आणि दोन तळव्यांमध्ये सरसर वळू लागली. बघता बघता हातभर सुंभ तयार! तिथल्या बाई हसून मल्याळीत काहीतरी बोलल्या, आई मराठीत बोलली, आणि दोघींना एकमेकींचे सगळे कळले.

मी अवाक झालो. रत्नागिरीकडच्या माहेरी ती लहानपणी खाजणात सोडणी कुजवायची आणि सुंभ वळून बाजारात विकायची, हे मला कधी माहीतच नव्हते. मी म्हणालो, "आई, तू कधी बोलली नाहीस?"

"कुनी इचारलं व्हतं?" ती म्हणाली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. त्या दिवशी ती मला जरा वेगळी वाटली.

या काथ्या कामगारांनीच इथे संघटना उभी केली. वाडप्पुरम बावा यांनी १९२२ साली त्रावणकोर लेबर असोसिएशन स्थापन केले. १९३८ साली काथ्या कामगारांचा मोठा संप झाला. ऑक्टोबर १९४६ मध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या राजवटीविरुद्ध जवळच्या पुन्नप्रा आणि वयलार येथे कामगार उठले. त्यांच्या हातात सुपारीच्या खोडाचे टोकदार भाले होते, समोर बंदुका. पुष्कळ माणसे पडली. गावातल्या 'वलिय चुडुकाड' येथे, म्हणजे मोठ्या स्मशानभूमीत, त्यांचे स्मारक आहे. आम्ही तिथे जाऊन फुले वाहिली.

तिसऱ्या दिवशी सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटीत बसलो. तिकीट एसटीसारखेच माफक. शाळेची पोरे, मासळीच्या पाट्या, कचेरीत जाणाऱ्या बाया, सगळे त्याच बोटीत. वाटेत ऐटबाज हाउसबोटी दिसल्या. त्या मुळात तांदूळ वाहणारी 'केट्टुवळ्ळम', म्हणजे बांधलेली होडी. जुन्या पद्धतीत तिच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे तर सुंभाने शिवलेल्या असतात. आईला सांगितले तेव्हा तिने त्या बोटीकडे प्रथमच कौतुकाने पाहिले!

दोन्हीकडे कुट्टनाडची भातशेती होती. शेत खाली, पाणी वर. समुद्रसपाटीखाली पिकणारी ही शेती म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ साली तिला जागतिक वारशाचा मान दिला. सरोवराच्या तळाचा चिखल काढून बांध घालायचे, आतले पाणी पायांनी चक्र फिरवून उपसायचे, ही कामे प्रामुख्याने पुलया शेतमजुरांची. शेत मालकाचे आणि बांध मजुरांचा. आईच्या प्रश्नाचे उत्तर असे ठिकठिकाणी मिळत होते.

शेवटी करुमाडीला गेलो. आलप्पुळाच्या दक्षिणेला अंबलप्पुळा, आणि तिथून थोडे पूर्वेला हे गाव. ओढ्याच्या काठी छोट्या स्तूपासारख्या छत्राखाली तथागतांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. उंची सुमारे तीन फूट, ध्यानस्थ बसलेली. पण डावी बाजू तुटून गेलेली. गावकरी तिला 'करुमाडी कुट्टन' म्हणतात. कुट्टन म्हणजे पोरगा. आपल्या गावचा पोरगा!

केरळात एके काळी बौद्ध धम्म होता त्याची ही साक्ष. मावेलिक्करा येथे आणि कायमकुळमजवळच्या कृष्णपुरम राजवाड्याच्या संग्रहालयातही याच परिसरातल्या बुद्धमूर्ती आहेत. करुमाडीची मूर्ती शतकानुशतके ओढ्यात पडून होती. १९३० च्या दशकात एका इंजिनियराच्या ती नजरेस आली आणि त्याने तिच्या रक्षणाची व्यवस्था केली. तो इंजिनियर म्हणजे तोच रॉबर्ट ब्रिस्टो. ज्याच्या बंदराने अलेप्पीचा धंदा नेला, त्यानेच अलेप्पीचा बुद्ध राखला. आज राज्याचे पुरातत्त्व खाते ती सांभाळते.

आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. कन्येने विचारले, "बाबा, उरलेला भाग नवीन का नाही करून बसवत?" मी काही सांगणार एवढ्यात आईच म्हणाली, "नको गं. काय झालं हे लोकांस्नी कळू दे. आणि बघ, अर्धा उरलाय तरी कसा ताठ बसलाय."

बंधू-भगिनींनो, आता मुद्द्याचे. गेल्या काही वर्षांत केरळ सरकारने आलप्पुळाचे कालवे आणि काथ्याचे जुने कारखाने जपण्याचा वारसा प्रकल्प हाती घेतला आहे. गोष्ट चांगली आहे. पण इमारत जपली आणि त्यातला माणूस विसरला तर निम्मा वारसाच हातात राहतो. आपल्याकडे तर इमारतीही गेल्या. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले. आणि गिरणीत, गोदीत, रेल्वेत, सफाई खात्यात खपलेली आपली वडीलधारी माणसे एकेक करून जात आहेत. माझ्या आईच्या हातातली कला मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हजारभर मैल लांब जाऊन कळली. ही माझी चूक. तुम्ही ती करू नका.

येत्या रविवारी एवढेच करा. शंभर पानी वही आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा : गाव कोणते सोडले, कोणत्या साली, पहिले काम कोणते, खाते कोणते, बिल्ला नंबर किती, रोज किती मिळे, संपात काय खाल्ले. पोरांना लिहायला लावा. ते बोलतील तसेच लिहा, भाषा सुधारू नका. मोबाइलवर आवाजही टिपून ठेवा. दिवाणांची चरित्रे लिहायला माणसे पुष्कळ आहेत. फावडेवाल्याचे त्याच्या घरच्यांनीच लिहायचे असते.

आईने वळलेला तो हातभर सुंभ त्या बाईंनी तिलाच दिला. सध्या तो आमच्या घरी भिंतीवर, वडिलांच्या फोटोखाली टांगलेला आहे. वहीची पंचवीस पाने भरली. आई म्हणते, "अजून लय हाय, लिव्ह."

जयभीम.