टी-पीसवरचे तास आणि क्लेमची कात्री

या महिन्याच्या टपालात विम्याच्या कपातीबद्दलची पत्रे इतकी आहेत, की बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले. नमुना एकच. सीओपीडीचा रुग्ण, टाइप टू रेस्पिरेटरी फेल्युअर, ट्रेकिऑस्टॉमी झालेली. दिवसा टी-पीस, रात्री प्रेशर सपोर्ट. टी-पीसचा वेळ रोज थोडा वाढवत नेलेला. डिस्चार्जनंतर टीपीएचा शेरा येतो: व्हेंटिलेटर सलग चोवीस तास वापरात नव्हता, सबब त्या दिवसांचे शुल्क अमान्य. यंत्र खाटेशेजारीच उभे होते. ते दुसऱ्याला लावता येत नव्हते, कारण संध्याकाळ झाली की हाच रुग्ण दमणार होता.

त्याच रुग्णाला मिडॅझोलाम देऊन कंट्रोल मोडवर पडू दिले असते, तर एक रुपयाही कापला गेला नसता!

डायफ्रॅमला कामाविना ठेवले तर काय होते, हे लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवले: 18 ते 69 तासांत स्नायूतंतूंचा छेद निम्म्याहून कमी. रोज एकदा एसबीटी द्यावी, हे एस्टेबान 1995 पासून सांगत आहेत. क्लेम तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे वाचलेले नसेल असे नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये मात्र 'होय' आणि 'नाही' असे दोनच रकाने आहेत, आणि वीनिंग कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरी तऱ्हा आणखी संतापजनक. एक्स्ट्युबेशननंतर 48 तासांच्या आत पुन्हा ट्यूब टाकावी लागली, तर पहिला निर्णयच चुकीचा ठरवून पुढचा खर्च नामंजूर. एसबीटी पास झालेल्यांतही शंभरात दहा-पंधरा जणांना पुन्हा ट्यूब लागते. ज्या आयसीयूत रीइंट्युबेशन कधीच होत नाही, तिथे ट्यूब उशिरा निघते असेच आम्ही समजतो.

मात्र वाचकांनी सोबत जोडलेले केस पेपर पाहिले आणि हात टेकले. 'ट्रायल दिली, सहन झाली.' बस्स. सुरू कधी केली, थांबवली का, आरएसबीआय किती, सिडेशन कधी बंद केले, काही नाही. रविवारची तर नोंदच नाही. फिजिओथेरपिस्टची सुट्टी ती रुग्णाच्या फुप्फुसांचीही सुट्टी, असा काही विभागांचा समज दिसतो. असल्या कागदावर भांडायचे तरी कशाच्या जोरावर?

तेव्हा आजपासून प्रत्येक एसबीटीची सुरुवात आणि शेवट घड्याळ पाहून लिहा. फेल झाली तर कारण लिहा. यंत्र स्टँडबायवर का ठेवले, हे त्याच पानावर सहीनिशी नोंदवा. विमा लोकपालाकडची तक्रार हॉस्पिटलला करता येत नाही. ती विमाधारकाने किंवा वारसाने करायची असते, आधी कंपनीला लेखी कळवून, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले न पटल्यास. तिला शुल्क नाही. नातेवाइकांना हे डिस्चार्जच्या दिवशीच समजावून सांगा, नोंदींची प्रत हातात द्या. कपातीची पत्रे आमच्याकडेही पाठवा, रुग्णाचे नाव खोडून.